पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहते भांडुपला. रेंडरिंगसाठी पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला. रायझन ५-७६०० प्रोसेसर आणि त्याच्याच खोक्यातला कूलर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० स्टिक, आरटीएक्स ४०६० कार्ड, १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, रॅमवरचे रंगीत दिवेही लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. बोर्डाच्या कडेला ‘डीरॅम’ लिहिलेल्या जागी पिवळा दिवा पेटून राहतो. अर्ध्या-एक मिनिटाने घाबरून मागचा स्विच बंद करते. असं कितीतरी वेळा झालं. रॅम काढून परत लावली, प्रोसेसरला लागून असलेल्या दोन्ही स्लॉटमध्ये. दुकानात फोन केला तर न बघताच म्हणाले, “बोर्ड गेला, नवीन घ्यावा लागेल.” बाबा रोज विचारतात, काय झालं तुझ्या मशीनचं? काय करू? आणि पुढे उरलेल्या दोन स्लॉटमध्ये आणखी ३२ जीबी टाकायचा विचार आहे, तो बरोबर आहे का?

उत्तर

बोर्ड गेला असं म्हणावं असं तुमच्या पत्रात काहीच नाही. उलट बोर्ड काम करतोय याची खूण आहे: तो स्वतःची तपासणी सुरू करतो, प्रोसेसरचा टप्पा ओलांडतो आणि रॅमपाशी येऊन थांबतो. फोनवरून बोर्ड मेल्याचं निदान कोणालाही करता येत नाही, मग तो कितीही जुना दुकानदार असो.

पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की त्या दुरुस्त केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. पहिली, मशीन अर्ध्या-एक मिनिटात बंद करणं. दुसरी, दोन्ही स्टिक प्रोसेसरला लागून असलेल्या स्लॉटमध्ये असणं. यातली एकही पुरेशी आहे. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आधी पहिली. तुमच्यासारखा एएम५ सॉकेटचा (म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या त्या जातीच्या जागेचा) प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम ही जोडी पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ‘मेमरी ट्रेनिंग’ चालतं. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधून सिग्नल इतक्या वेगाने जातात की बोर्डावरच्या रेघेची लांबी, बोर्डाची घडण आणि त्या विशिष्ट स्टिकचा स्वभाव यांनी वेळेत अगदी बारीक फरक पडतो, आणि तेवढ्यानेही माहिती चुकीची वाचली जाते. म्हणून प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ठरावीक नमुने रॅममध्ये लिहितो, परत वाचतो, आणि कुठल्या क्षणी, कुठल्या व्होल्टेजला वाचलं तर ते बिनचूक येतात हे एकेका रेघेसाठी शोधत बसतो. मैफलीआधी तंबोरा लावावा तसं हे काम. घाई केली तर सगळंच बेसूर. या वेळात मॉनिटरवर काहीही येत नाही, येऊच शकत नाही, कारण चित्र उभं करायला लागणारी रॅमच अजून तयार नसते. पंखे फिरत असतात, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो, आणि पहिल्यांदा जोडणाऱ्याला मशीन अडकलंय असंच वाटतं.

१६ जीबीच्या दोन स्टिकना याला साधारण दोनेक मिनिटं लागतात, कधी चार-पाच. बोर्डावरचा बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डातच साठवलेलं सॉफ्टवेअर) जुना असेल किंवा रॅमची क्षमता जास्त असेल तर आणखी जास्त. काही कंपन्या रॅमच्या स्लॉटवर तसं बजावणारा स्टिकर लावूनच बोर्ड पाठवतात, आणि जोडण्याच्या घाईत तो काढून फेकला जातो. मधेच वीज तोडली की तोवर शोधलेलं सगळं वाया जातं आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणजे तुम्ही ज्या-ज्या वेळी मागचा स्विच बंद केलात, त्या-त्या वेळी ते काम पुन्हा शून्यावर आलं.

आता स्लॉट. बोर्डावर चार स्लॉट दिसले तरी त्यांच्यामागे मेमरीचे चॅनेल दोनच आहेत, ए आणि बी. प्रोसेसरकडून मोजत गेलं की क्रम येतो ए१, ए२, बी१, बी२. तुम्ही दोन्ही स्टिक ए चॅनेलवर लावल्या आहेत आणि बी रिकामा आहे. एकाच चॅनेलवर दोन स्टिक आल्या की कंट्रोलरवर दुप्पट भार पडतो आणि ट्रेनिंग अवघड होतं. वर अर्धा वेग वाया जातो तो वेगळाच. योग्य जागा आहे ए२ आणि बी२, म्हणजे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिला आणि तिसरा का नाही? कारण बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून निघालेली रेघ आधी ए१ ला भेटते आणि ए२ पाशी संपते. स्टिक फक्त ए१ मध्ये असेल तर पुढे उरलेल्या रिकाम्या शेपटावरून सिग्नल आपटून परत येतो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. जुन्या डीडीआर३ च्या काळात हे चालून जायचं. डीडीआर५ च्या वेगाला चालत नाही.

तर सुरुवात अशी करा. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद, भिंतीतला प्लग बाहेर, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट आडवं करा, बोर्ड वरच्या बाजूला येईल असं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मुंबईच्या दमट हवेत तिचा त्रास कमी, पण रात्रंदिवस एसी चालू असलेल्या खोलीत ती असतेच.

ग्राफिक्स कार्ड सध्या काढून ठेवा. तुमच्या ७६०० मध्ये डिस्प्लेची सोय आतच आहे, त्यामुळे एचडीएमआय केबल थेट बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावून चालेल आणि संशयितांमधून एक नाव कमी होईल. कार्ड ओढण्याआधी त्याच्या स्लॉटच्या टोकाची कुलपी दाबा. ती तुटली तर बोर्ड चालतो, पण नंतर वॉरंटीला नेताना उगाच प्रश्न येतात.

स्टिक ए२ आणि बी२ मध्ये बसवताना दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. नव्या बोर्डांवर बऱ्याचदा क्लिप एकाच बाजूला असते. दुसरी बाजू नुसती खोबणी. नेमकी तीच बाजू मिलिमीटरभर वर राहते आणि वरून बघताना सगळं बसल्यासारखं दिसतं. म्हणून बाजूने, डोळे बोर्डाच्या पातळीला आणून बघा: सोनेरी पट्टा दोन्ही टोकांना सारखाच आत गेलेला हवा. लागणारा जोर पहिल्यांदा भीतीदायक वाटतो, पण खटकन आवाज आला पाहिजे. रॅमवरचे रंगीत दिवे लागतात यावर जाऊ नका. त्यावरून एवढंच कळतं की स्टिकला वीज पोचते. माहितीच्या पिना टेकल्या की नाही ते त्या दिव्यांना ठाऊक नसतं.

हात आत आहेच तर दोन केबलही बघून घ्या. २४ पिनची मोठी केबल पूर्ण आत जाऊन तिचा आकडा अडकलाय का, आणि बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या ८ पिनच्या सॉकेटमध्ये प्रोसेसरची केबल आहे का. ही केबल ४+४ अशी फुटते आणि तिच्यावर बहुधा सीपीयू लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाची केबल ६+२ अशी फुटते. दोन्ही आठच पिनच्या, पण प्लस-मायनसची मांडणी उलटी. पिनांचा आकार मुद्दाम वेगळा ठेवलाय म्हणून एकीच्या जागी दुसरी सहज जात नाही. जोर लावून घातलीच तर नुकसान ठरलेलं. शेजारी आणखी एक ४ पिनचं सॉकेट दिसत असेल तर ७६०० साठी ते रिकामं राहिलं तरी चालतं.

आता मॉनिटरचा इनपुट हाताने एचडीएमआयवर ठेवा, मशीन सुरू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. खरंच लावू नका. मधेच ते आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं तरी चालेल; ट्रेनिंगमध्ये एक-दोनदा तसं होतं. घड्याळ लावून बाजूच्या खोलीत गेलात तर उत्तम.

बहुतेक पत्रांमध्ये गोष्ट इथेच संपते. तुमची संपली नाही तर पुढचं.

पंधरा मिनिटांनंतरही डीरॅमचाच दिवा असेल तर आता छाटणी करायची. बोर्डावर प्रोसेसर, कूलर, एक स्टिक आणि दोन वीजकेबल एवढंच ठेवा. एसएसडी, पुढच्या यूएसबीच्या केबल, रंगीत दिव्यांचा हब, सगळं सोडवा. पहिली स्टिक ए२ मध्ये लावून दहा मिनिटं थांबा. नाही झालं तर दुसरी स्टिक त्याच ए२ मध्ये. मग दोन्ही आळीपाळीने बी२ मध्ये. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. कंटाळवाणं आहे, पण यातून जे कळतं ते एकदम तीन पार्ट बदलून कळत नाही.

निकाल असा वाचायचा. एक स्टिक कुठेही लावली तरी चालते आणि दुसरी कुठेही चालत नाही: दुसरी स्टिक खराब. दोन्ही स्टिक ए२ मध्ये चालतात पण बी२ मध्ये एकही नाही: रॅम चांगली आहे, दोष बी चॅनेलच्या वाटेवर आहे, आणि पहिला संशय सॉकेटमधल्या पिनांवर. एकेकटी सगळीकडे चालते पण दोन्ही मिळून नाही: हे बायोसचं काम. कुठलीच कुठेच नाही: तेव्हाही आधी बायोस, मग पिना.

बायोसचं दोन टप्प्यांत. आधी साधं सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसच्या जतन केलेल्या सेटिंग्ज पुसणं: वीज काढा, बोर्डावर क्लिअर सीमॉस लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडून धरा, किंवा सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवा. लक्षात ठेवा, यानंतर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा थांबणं आलं.

त्याने भागलं नाही तर बायोस बदला. बी६५० बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरपासून विकले जाताहेत आणि तुमचा प्रोसेसर त्यानंतर, २०२३ च्या जानेवारीत आला. गोदामात बराच काळ पडून असलेल्या बोर्डात सुरुवातीचा बायोस असू शकतो, आणि सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमची सगळ्यात जास्त कटकट होती. डिस्प्ले नसताना बायोस कसा बदलणार? बऱ्याच बी६५० बोर्डांवर मागे ‘फ्लॅशबॅक’ नावाचं बटण असतं, त्यासाठीच. ३२ जीबीपर्यंतचा साधा पेनड्राइव्ह घ्या आणि तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालत नाही. कंपनीच्या साइटवरून तुमच्या बोर्डाचाच बायोस उतरवा. मॉडेलच्या नावातलं एक अक्षर वेगळं असलं तरी तो वेगळा बोर्ड असतो, आणि काही बोर्डांच्या नावापुढे रिव्हिजनचा आकडाही असतो. फाइल झिपमधून बाहेर काढा, मॅन्युअल सांगेल ते नाव तिला द्या. हे नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. पेनड्राइव्ह मागच्या खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच लावा. मग एसएमपीएस चालू ठेवून, मशीन सुरू न करता, फ्लॅशबॅकचं बटण तीनेक सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागतो. पाच ते दहा मिनिटांत थांबतो. लगेच थांबला किंवा लुकलुकणं सोडून नुसताच पेटून राहिला तर फाइलचं नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी चुकलंय.

या दहा मिनिटांत वीज जाता कामा नये. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंदचा मेसेज आलेला दिवस सोडून द्या. घरात साधा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर फ्लॅश करण्यापुरता तो भरपूर झाला. रेंडरिंगच्या वेळी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

आता पिना, ज्यांच्याकडे बघायची कोणालाच इच्छा नसते. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत, १७१८. त्यातल्या कितीतरी रॅमच्या वाटेच्या आहेत. प्रोसेसर ठेवताना कोपरा निसटला किंवा बोटाचं टोक लागलं तरी दोन-चार पिना वाकतात आणि नेमकं एक चॅनेल गायब होतं. कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालू ठेवता आलं तर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट सैल होते. चारही स्क्रू थोडे-थोडे, तिरक्या जोड्यांनी सैल करा. प्रोसेसर उचला, त्याची सोनेरी बाजू बघा: तिथे थर्मल पेस्ट किंवा बोटाचा तेलकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. सॉकेटकडे मोबाइलच्या टॉर्चने तिरक्या कोनातून बघा. सगळ्या पिना एकाच दिशेला चमकतात. जी वाकली ती वेगळी चमकते किंवा चमकतच नाही. मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करून बघितला तर डोळ्यांना न दिसणारंही दिसतं. टाचणीने सरळ करायचा मोह आवरा. ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे आणि हात बसलाय अशी माणसं लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर बाजारात, मिळतात. तुटलेल्या पिनेपेक्षा वाकलेली पिन दुरुस्त करणं त्यांना कितीतरी सोपं.

परत बसवताना जुनी पेस्ट दोन्हीकडून पुसून नवी लावा, मध्यभागी वाटाण्याएवढी. स्क्रू पुन्हा तिरक्या जोड्यांनी, दोन-दोन फेरे, शेवटी चारही अडेपर्यंत. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर प्रोसेसरवरचा दाब तिरका होतो, आणि तेवढ्यानेही रॅमचं एखादं चॅनेल दिसेनासं होऊ शकतं. पिना स्वच्छ असूनही बी२ चालत नसेल तर कूलर नीट समान आवळून एकदा बघाच.

तुमच्यासारखंच अडलेल्या, पण वेगळा दिवा पेटलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. दिव्यांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. शेजारी छापलेलं नाव वाचा. सीपीयूचा दिवा असेल तर आधी ती वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची केबल, मग बायोस प्रोसेसरपेक्षा जुना तर नाही ना: रायझन ९००० मालिका २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली, त्याच्या बऱ्याच आधीच्या बायोसचा बी६५० बोर्ड तिला ओळखत नाही. व्हीजीएचा दिवा असेल तर कार्डाची वीजकेबल, कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय का, आणि मॉनिटरची केबल कार्डालाच आहे ना. नावात एफ असलेल्या प्रोसेसरना, म्हणजे इंटेलचे १२४००एफ वगैरे किंवा रायझनचा ७५००एफ, आतला डिस्प्ले नसतो. त्यांची केबल बोर्डाला लावून कितीही वाट पाहिली तरी काही येणार नाही. बूटचा दिवा बहुतेक वेळा दोष नसतोच: नव्या एसएसडीवर विंडोज नाही, एवढंच तो सांगतो.

पंखाही फिरत नसेल तर एसएमपीएसचा मागचा स्विच, भिंतीतला प्लग, २४ पिनची केबल, आणि पुढच्या पॅनलच्या त्या चिमुकल्या तारा. बटणाची तार चुकली असेल तर बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. सुरू झालं तर बाकी सगळं ठीक आणि दोष तारेत. पंखे क्षणभर हलून थांबत असतील तर शॉर्टचा संशय. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे स्क्रूचे खांब) मोजा: बोर्डाला जिथे भोक नाही तिथे कॅबिनेटमध्ये आधीपासून लावलेला जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा. ज्या चंदेरी पिशवीतून बोर्ड येतो तिच्यावर नको, तिचा पृष्ठभाग वीज वाहून नेऊ शकतो. आणि दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर (दोन्ही टोकांनी सुटी होणारी) केबल बसते म्हणून वापरू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. कित्येक चांगल्या डिस्क त्यात जळतात.

मुंबईतल्या जुन्या घरांबद्दल एक. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंगविना पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. डिस्प्ले न येण्याचं हे कारण बहुतेक नसतं, पण अशा मशीनमध्ये हात घालून पार्ट बदलू नका; आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमधून लावणं तर बिलकूल नको. पावसाळ्यात बाहेरून आणलेलं खोकं एसीच्या खोलीतून दमट खोलीत नेलं की थंड धातूवर बाष्प धरतं. तास-दोन तास पिशवीतच राहू द्या.

डिस्प्ले आला की लगेच विंडोजकडे धावू नका. आधी बायोसमध्ये बघा: रॅम ३२ जीबी दिसते का, एसएसडीचं नाव दिसतं का, प्रोसेसरचं तापमान स्थिर आहे का. ते भराभर चढून ९० च्या पुढे जात असेल तर कूलर नीट टेकलेला नाही. रॅम ४८०० च्या आसपास चालताना दिसेल, ६००० वर नाही. हे बरोबर आहे. ६००० हा वेग एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉक आहे; ७६०० साठी दोन स्टिकना अधिकृत मर्यादा ५२०० ची. आधी बायोस अद्ययावत करा, विंडोज टाका, दोन-तीन दिवस वापरा, मग एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या छापील ६००० च्या वेगावर नेणारी बायोसमधली सेटिंग, चालू करा. बायोस आधी का, तर २०२३ मध्ये काही एएम५ प्रोसेसर जास्त व्होल्टेजने जळल्यावर एएमडीने नव्या बायोसमधून प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या (एसओसी) व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. एक्स्पो चालू केल्यावर ट्रेनिंग पुन्हा होईल, पडदा पुन्हा काही मिनिटं काळा राहील. घाबरायचं नाही. फारच वेळ गेला तर सीमॉस क्लिअर करून परत ४८०० वर या. रेंडरिंगसाठी मशीन आहे, तेव्हा एक्स्पोनंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवाच. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली. रात्रभर चाललेलं रेंडर पहाटे कोसळण्यापेक्षा हे स्वस्त.

चार स्टिकचा विचार सोडून द्या. चार लावल्या की याच प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ५२०० वरून ३६०० वर येते, आणि आता जे झालं तेच ट्रेनिंग दुप्पट अवघड होतं. ६४ जीबी खरंच लागणार असेल तर पुढे ३२-३२ च्या दोन स्टिकची जोडी घ्या आणि या दोन विका. थर्ड इयरच्या प्रोजेक्टला ३२ जीबी कमी पडतात की नाही, हे टास्क मॅनेजर उघडून आधी मोजा.

या सगळ्यानंतरही डीरॅमचाच दिवा राहिला, तर मात्र दुकान. अख्खं कॅबिनेट नेऊ नका. प्रोसेसर आणि कूलर बोर्डावर तसेच ठेवून बोर्ड त्याच्या खोक्यात, दोन्ही स्टिक त्यांच्या प्लास्टिकमध्ये, एका सॅकमध्ये मावतं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडची स्लो पकडा, दुपारची, गर्दी उतरल्यावर. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. कधी कॅबिनेट न्यायचीच वेळ आली तर रिक्षात बसण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं धरा, खड्ड्यात त्याच्या वजनाने स्लॉट उखडतो.

दुकानात एकच मागणी करा: तुमची रॅम त्यांच्या एएम५ बोर्डावर आणि त्यांची रॅम तुमच्या बोर्डावर, तुमच्या डोळ्यांसमोर. आणि तिथेही त्यांना पाच मिनिटं थांबायला लावा, कारण काउंटरवर तेवढा धीर नसतो. तुमची रॅम तिकडे चालली आणि त्यांची तुमच्याकडे नाही, तर दोष बोर्डाचा किंवा प्रोसेसरचा. मग तुमचा प्रोसेसर त्यांच्या बोर्डावर. “बोर्ड गेला” हे वाक्य यानंतर ऐकून घ्यायचं.

रॅम खराब निघाली तर वॉरंटीला दोन्ही स्टिक द्या, खराब एकटी नाही. त्या जोडी म्हणून तपासून विकलेल्या असतात आणि बदलूनही जोडीच मिळायला हवी. बोर्ड द्यायचा असेल तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण बसवूनच द्या, नाहीतर बरीच सर्व्हिस सेंटर बोर्ड घेत नाहीत. वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून काउंटरवर बोर्ड सोपवण्याआधी झाकण उघडून समोरच्या माणसाला पिना दाखवा, सॉकेटचा आणि सिरियल नंबरचा फोटो तिथेच काढा, आणि पावतीवर ‘पिना ठीक’ असं लिहून घ्या.